दोघांत एक रायफल

आमचं पोस्ट नदीच्या वळणावर होतं. पहाटे धुकं इतकं खाली उतरायचं की माणसं कमरेपासून वरच दिसायची, पाण्यावर तरंगल्यासारखी. मी अमेरिकेतल्या पार्सिपनीत वाढलेला, यूएस आर्मीचा सार्जंट. ड्युटी एका परक्या देशाच्या सैन्याला ट्रेनिंग द्यायची. त्या देशात युद्ध चालू होतं आणि त्याच्यावर आमच्या सरकारची शस्त्रबंदी होती. लढायला शिकवा, पण काडतूस देऊ नका. आता बोला!

म्हणून तिथे दोघांत एक रायफल. पहारा बदलताना तिथला एक सैनिक, यूसुफ, ती कपाळाला लावायचा, मग जोडीदाराच्या, इद्रिसच्या हातात द्यायचा. आपण खंडेनवमीला हत्यारांना हात जोडतो ना, तसं. मी चिडायचो, "अरे, आटपा लवकर!" दोघे हसायचे.

एका पहाटे नेमकं तेव्हाच फायरिंग आलं.

"कॉन्टॅक्ट! नदीकडून!" मी रेडिओवर ओरडलो.

रायफल इद्रिसकडे गेली होती. यूसुफ रिकाम्या हातांनी उभा. तो आडोशाला पळाला नाही, इद्रिसच्या पुढे झाला. त्यानंतरचं मला सगळं आवाजाविना आठवतं, हळूहळू, स्वप्नात दिसावं तसं. धुकं विरलं तेव्हा पोस्ट आमच्याकडे होतं. यूसुफ गेला होता.

यंदा ती शस्त्रबंदी उठवायचं बिल आलं. इद्रिस अजून त्याच पोस्टवर आहे, त्याची माणसं अजून दोघांत एक रायफल वापरतात. मला वॉशिंग्टनला संसदेच्या कमिटीपुढे साक्षीला बोलावलं. निघताना आई म्हणाली, "उगाच तापू नकोस. खरं तेवढं बोल."

कमिटीतल्या एका बाईंनी विचारलं, "सार्जंट, ही शस्त्रं ते स्वतःच्याच गावांवर चालवणार नाहीत, याची खात्री देता?"

यूसुफ गेल्यावर त्यांच्याच सैन्याने जाळलेलं एक गाव मी पाहिलं होतं. तरी 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही, मॅडम. पण तिथली माणसं..."

"थँक यू, सार्जंट." वेळ संपली.

बिल कमिटीतच अडकलं. माझा जीव नुसता जळत होता. मी इद्रिसला फोन लावला, सगळं सांगितलं, त्या जळलेल्या गावासकट. म्हटलं, आता दे शिव्या.

"खरं तेच बोललास," तो म्हणाला. "ते गाव यूसुफचं होतं."

मग त्यानेच विचारलं,

"त्याचं नाव घेतलंस तिथे?"

"कुणी विचारलंच नाही रे."

म्हणून इथे घेतो. कॉर्पोरल यूसुफ. ज्या सैन्यासाठी तो मेला, त्यानेच त्याचं घर जाळलं. माणूस मात्र सोन्यासारखा होता.