नकाशा पोचवतो का?

नकाशे तपासायला मला बोलावतात, कारण मी भूगोल शिकवते आणि सहसा माझ्या तोंडी कुणी लागत नाही. सेनगावच्या शाळेत माझी हयात गेली. भिंतीवरचा नकाशा वाकडा टांगलेला दिसला तरी माझं डोकं फिरतं, हे तालुक्यातल्या सगळ्या गुरुजींना ठाऊक आहे. त्यामुळे शाळाशाळांतल्या मुलांनी आपापल्या गावाचा नकाशा काढायचा अशी स्पर्धा निघाली, तेव्हा परीक्षक म्हणून माझं नाव आधीच लिहून टाकलेलं होतं.

बक्षीस मात्र खरोखर कामाचं होतं. पहिला येणारा नकाशा त्या गावच्या फाट्यावर भिंतीवर मोठा रंगवायचा आणि त्याची एक प्रत आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेत ठेवायची, असं ठरलं होतं. माझ्यासोबत दुसरे परीक्षक होते ते परभणीचे एक निवृत्त सर. त्यांनी उभा जन्म सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यांचे नकाशे काढले होते. अक्षर मोत्यासारखं, बोलणं मऊ, आणि नियम म्हणजे नियम. आमचं जमणार नाही हे मला चहाच्या पहिल्या कपालाच कळलं.

नकाशे आमच्या शाळेतल्या टेबलावर पसरले. काय एकेक थाट! चौफेर रांगोळीची किनार, कोपऱ्यात मोर, मंदिराच्या कळसाला सोनेरी चमकी. दिवाळीनंतर ज्यात शेळ्या चरतात तो आपापल्या गावचा ओढा सगळ्यांनी निळाशार रंगवलेला. आमच्या हातात गुणांचा तक्ता होता. नीटनेटकेपणा, रंगसंगती, सूची, दिशा, प्रमाण. सरांनी एक सुरेख नकाशा वर काढून ठेवला आणि एक साधा, पेन्सिलीने काढलेला नकाशा उचलून बाजूला सारला.

"हा बाद. उत्तर वर नाही. पूर्व वर आहे. प्रमाण तर नाहीच," ते म्हणाले.

मी तो ओढून घेतला. साखरा गावाच्या पलीकडच्या एका गावातल्या, नववीतल्या चार मुलींनी काढलेला. उत्तरेचा बाण होता, पण तो डावीकडे तोंड करून. वर लिहिलं होतं, 'उगवत'. आणि एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली. बाकी सगळ्यांची गावं शेवटच्या घराशी संपत होती. या मुलींचं गाव ओढा ओलांडून पुढे गेलं होतं, आणि तिथे शेतात राहणाऱ्यांचे आखाडे एकेक करून दाखवले होते. कोणत्याही नकाशात ते मी आजवर पाहिले नव्हते.

मुली निकालासाठी व्हरांड्यातच बसल्या होत्या. बोलावलं. सर म्हणाले, "पूर्व वर का घेतली? शाळेत शिकवलं नाही का?"

पुढे उभी होती ती सडपातळ पोरगी म्हणाली, "शिकवलं हाय सर. पन गाडीवाला डांबरी सोडून आत वळला की उगवतीकडं तोंड करून येतो. जे त्याच्या म्होरं, ते कागदावर वर. त्याला कागद फिरवायला लागू न्हाई म्हनून तसं काढलं."

मला त्या क्षणी त्या पोरीचा मुका घ्यावासा वाटला, पण परीक्षकाने असं करायचं नसतं. मी फक्त विचारलं, "गाडीवाला म्हणजे कोणता?"

तेव्हा तिने सांगितलं. ती ओढ्यापलीकडच्या आखाड्यावर राहते. तिच्या वहिनीच्या पहिल्या बाळंतपणाला रुग्णवाहिका बोलावली होती. फोनवरच्या नकाशाने गाडी ओढ्याच्या अलीकडच्या काठावर नेली, जिथून पलीकडे जायला वाट नाही. "गाडी दिसून राहिली व्हती बाई, पन येत नव्हती. सांगू सांगू भावाचा घसा बसला. मंग वहिनीला बाजेवर घालून ओढ्यातून नेलं. लेकरू बरं हाय. वहिनी लई मुश्किलीनं वाचली." ती पुढे म्हणाली, "आता तिला पुन्हा दिवस गेलेत."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बेटा, ऐकून वाईट वाटलं. पण दया आली म्हणून गुण देता येत नाहीत."

"दया नको सर," ती म्हणाली. "नकाशा चालवून बघा."

झालं. मी तक्ता पुढे ओढला आणि 'प्रमाण'च्या खाली पेनाने आणखी एक ओळ लिहिली. 'पोचवतो का?' सर म्हणाले, असं आपल्याला करता येत नाही. मी म्हटलं, मग मला सही करता येत नाही. शेवटी त्यांनी जीप मागवली. सेनगावकडची गावं त्यांनी पाहिलेली नव्हती, तेव्हा नकाशा चालवून बघायला त्यांच्याहून चांगला माणूस सापडला नसता. जीपवाला हिंगोलीचा, तोही नवखा. मुलींना शाळेतच ठेवलं. वाटेत कुणाला विचारायचं नाही, फोन बंद, हा नियम. मी मागे बसले आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही असं ठरलं, ही माझ्यासाठी शिक्षाच होती.

आधी सरांचा आवडता नकाशा घेतला. त्यावर लिहिलं होतं, 'चिंचेपासून डावीकडे'. आम्ही चिंच शोधत गेलो. कडुलिंब लागला, बाभळी लागल्या, चिंच काही येईना. शेवटी जीप कापसाच्या बांधावर जाऊन थांबली. आमच्याकडे न विचारता वाट चुकणंही अवघड. बैल घेऊन चाललेले एक म्हातारबाबा आपणहून जवळ आले. "कोनाकडं जायचं?" सरांनी काच वर केली. तरी बाबा काचेतून ओरडून म्हणाले, "चिंच व्हय? ती तर पडून लई वर्सं झाली. वळायचं तितूनच."

मला हसू आवरेना. पोरांनी खोटं काढलं नव्हतं. अख्खं गाव अजून त्या पडलेल्या चिंचेपाशी वळतं, तर पोरं बिचारी काय करणार? जन्मात न पाहिलेलं झाड त्यांनी फांद्याफांद्यांनिशी रंगवलं होतं. सरांनी सोनेरी कळसावरून एकदा बोट फिरवलं आणि कागद गुंडाळला.

मग मुलींचा नकाशा. डांबरी सोडली. 'पिवळा हापसा' लिहिलं होतं, पिवळा हापसा आला. 'डीपी, कुंपणात बकऱ्या' लिहिलं होतं. विजेची डीपी आली आणि कुंपणात खरंच बकऱ्या होत्या. पारावरचे लोक हात करत होते, काहून आले म्हणून विचारत होते, आणि सर काच लावून राजासारखे बसले होते. ओढ्याच्या अलीकडे एके ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथं फोन सरळ जा म्हणतो. ऐकू नका.' सर मोठ्याने हसले. आम्ही फोनचं ऐकलं नाही. डावीकडे वळलो, बुटक्या फरशी पुलावरून ओढा ओलांडला, आणि जिथे 'गाडी फिरवायला जागा' लिहिलं होतं तिथे त्या पोरीचा आखाडा होता आणि जीप फिरेल एवढी मोकळी जागा होती.

वहिनी दारात तुरीला ऊन दाखवत होती. पोट चांगलंच दिसत होतं. जीप बघून ती घाबरून उभी राहिली. मी बाहेर येऊन म्हटलं, "काही नाही गं, तुझ्या नणंदेचा पेपर तपासायला आलोय." तिने पाणी आणलं. सर बोनेटवर कागद ठेवून तसेच उभे होते. "बाई," ते मला म्हणाले, "मी हा कागद एकदाही फिरवला नाही." त्यांनी मान हलवली. "पण प्रमाणाचे गुण कापणार." मी म्हटलं, खुशाल कापा.

त्यांनी कापले. तरी नकाशा पहिला आला, कारण नव्या ओळीत त्यांनी स्वतःच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात 'पोचवतो' असं लिहून पैकीच्या पैकी दिले. निकाल ऐकून चौघी मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी भलतीच खूश होते, आणि ते लपवायचंही मला काही कारण वाटलं नाही. फाट्यावरची भिंत रंगवायच्या आधी सर परभणीहून परत आले, मुलींना सोबत घेऊन अंतरं मोजली आणि प्रमाण घातलं. उगवत मात्र वरच ठेवली. एक प्रत रुग्णवाहिकेत गेली.

पुढे एका दुपारी मी आठवीला समोच्च रेषा शिकवत होते आणि फोन वाजला. वर्गात फोन घेणाऱ्यांना मी फाडून खाते, तरी तो घेतला. तीच पोरगी होती. वहिनी दवाखान्यात पोचली होती, मुलगा झाला होता, दोघं ठीक होते. मी विचारलं, "गाडी नीट आली का गं?"

"व्हय बाई. मी हात करायला फरशीवर जाऊन उभी राहिले व्हते," ती म्हणाली. "गाडीवाल्यानं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. सरळ आमच्या घरी गेला."