दोघांत एक जोडी

अल ऐनला जायचं म्हणून मी आदल्या दिवशी गाडी धुतली, तर बायको म्हणाली, "नवरी आणायला निघालात की काय?" म्हटलं, तसंच समज. साताऱ्याचा, पण माझ्यासारखाच इथे आखातात राहिलेला माझा मित्र फुजैराहून अल नहदाच्या आमच्या फ्लॅटवर येऊन बसला होता, आणि आम्ही दोघं बाप्ये शाळेची सहल असल्यासारखे पहाटेच आंघोळ करून तयार. कितीतरी वर्षांनी त्या हॉस्पिटलात परत चाललो होतो.

जायला कारणही तसंच होतं. त्याच्या उजव्या पायाचा खुबा पार झिजला होता. तिथल्याच डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. दोनदा तारीख मिळाली, दोन्ही वेळा गडी फिरकलाच नाही. भूल दिली की आपण काही उठत नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिसरी तारीख आम्ही जाणार त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. "मी फक्त आपला बाक बघायला येतोय," असं त्याने मला बजावलं होतं. मी बरं म्हटलं. पण हा असाच राहिला तर अंथरूण धरेल, हे डॉक्टर माझ्याही कानावर घालून चुकले होते.

नव्वदच्या दशकात अल ऐनच्या एका बांधकामाच्या साइटवर आमची परांची कोसळली. त्याचा उजवा पाय मोडला, माझा डावा. त्या हॉस्पिटलात आमच्या खाटा शेजारी-शेजारी. मी चिपळूणचा, तोंडाचा पट्टा अखंड चालू. हा दहा वेळा विचारावं तेव्हा एकदा बोलणार. चालायचं ठरलं तेव्हा पायात घालायला दोघांकडे काही नव्हतं. फोरमन रत्नागिरीचा. याने त्याला सात नंबर सांगितला, मी नऊ. त्या शहाण्याने आठ नंबरच्या चपलांची एकच जोडी आणली. म्हणाला, "दोघांचे मिळून पाय दोनच चालतात ना? मग दोन जोड्या कशाला?"

झालं. डावी याच्या पायात, उजवी माझ्या. मला ती चावायची, याच्या पायातून निसटायची. मोडके पाय मध्ये, धडके बाहेर, एकमेकांच्या गळ्यात हात, बाहेरच्या हातात एकेक कुबडी, असे आम्ही दारापासून कडुलिंबाखालच्या बाकापर्यंत जायचो. मल्याळी सिस्टर म्हणायची, "दो आदमी, एक जोडी! कंजूस लोग." पडायचो, हसायचो, पुन्हा उठायचो. सुट्टी मिळाली तेव्हा डावी तो घेऊन गेला, उजवी मी.

आता रस्त्यात आम्ही कडक चहा घेतला, लाल वाळू दिसायला लागल्यावर गाणी म्हटली, चुकीच्या गेटातून आत शिरलो आणि वॉचमनच्या शिव्या खाल्ल्या. बाक जागच्या जागी होता! हिरवा रंग तेवढा नवा. हा लंगडत असा सुटला की मला ओरडावं लागलं, "हळू रे लेका, पळून जात नाही तो." मग गळ्यात हात घालून आम्ही ती चाल पुन्हा एकदा चाललो. लोक बघत होते. बघेनात का. मला इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

बाकावर बसल्यावर त्याने आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "माझी डावी अजून ट्रंकेत आहे. तुझी?"

"घर बदललं तेव्हा बायकोने टाकून दिली."

"मग आता मला चालवणार कसा?"

ऑपरेशननंतर चालायची गोष्ट हा माणूस पहिल्यांदा करत होता. त्याचं मन फिरायच्या आत मी उठलो. "यल्ला, चल," म्हटलं, आणि त्याला गाडीत घालून थेट बाजारात नेलं. दुकानदाराने नंबर विचारला. आम्ही दोघं एकदम म्हणालो, "आठ." त्याने आमच्या पायांकडे पाहिलं आणि मान हलवत जोडी काढून दिली.

संध्याकाळी तो दाखल झाला. वॉर्डच्या दारात डावी त्याने पिशवीत घातली आणि उजवी माझ्या हातात दिली.

"तू ही घालूनच बस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला आत नेलं आणि मी बाकावर येऊन बसलो, एका पायात बूट, एका पायात चप्पल. ती पहिल्यासारखीच चावत होती. मी भ्यालो होतो, अगदी लहान पोरासारखा भ्यालो होतो, पण चप्पल काढली नाही. दुपार कलली तेव्हा एक तरुण सिस्टर दारात आली आणि माझ्या पायांकडे बघत उभी राहिली.

"आपका दोस्त जाग गया," ती म्हणाली. "पूछ रहा है, दूसरी चप्पल किधर है?"