रेडा जिथे बसला

त्या गावात मी डोळ्यांवर पट्टी बांधूनही फिरू शकेन. फिलिपिन्समधलं तालुक्याच्या ठिकाणाएवढं गाव. मधोमध चौक, चौकाच्या एका अंगाला चर्च, समोर नगरपालिका, चर्चमागं बाजार आणि बाजारामागं नदी. रस्ते सगळे काटकोनात. स्पॅनिश पाद्र्यांनी आसपासच्या विखुरलेल्या वस्त्या घंटेचा आवाज पोचेल इतक्या अंतरात आणून बसवल्या आणि दोरी धरून रस्ते आखले. शाळा अमेरिकनांच्या काळातली. युद्धात तिच्यात जपानी सैन्य राहिलं. नदीपलीकडं एक जुनी वस्ती, भाताची खाचरं, नारळाची झाडं आणि त्यामागं लांबवर एकटाच उभा असलेला ज्वालामुखीचा डोंगर. सकाळी तो दिसतो, दुपारनंतर ढगात जातो.

या गावावर मी ओसाकाच्या विद्यापीठात पीएचडी केली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडिलांची पिठाची गिरणी होती. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. त्यांचा मुलगा डॉक्टर झाला, सुई टोचणारा नव्हे, भूगोलाचा. मला याचा अभिमान आहे आणि तो झाकून ठेवायची सवय नाही. पुढं जे झालं त्याला हाच अभिमान कारण आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

गावात मी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहायचो. त्यांना सगळे लोला म्हणतात, लोला म्हणजे आजी. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं.

"जपानहून आलास म्हणे. जपानी माणूस इतका काळा कधीपासून व्हायला लागला?"

मी डुक्कर खात नाही म्हटल्यावर त्या खुर्चीतच बसल्या. "मग देवानं ते केलं कशाला?" असं त्यांनी मला तीन वर्षं विचारलं आणि तीन वर्षं माझ्यासाठी वेगळी मासळी तळली.

या घराला गावात एक मान होता. चर्चमध्ये मेरीमातेची लाकडी मूर्ती आहे, हात-दीड हात उंचीची. वर्षातून एकदा तिची मिरवणूक निघते. त्याआधी मूर्ती लोलांच्या घरी येते, आणि घरच्या बायका दार लावून घेऊन तिला नवा झगा घालतात. पुरुषांनी तेव्हा अंगणात थांबायचं. मीही थांबलोय, हातात कॉफीचा कप घेऊन, आत चाललेली कुजबुज आणि हसणं ऐकत. मूर्तीच्या डोक्यावरचे केस खरे असतात. गावातल्या मुली नवस फेडायला आपले केस देतात. लोलांची नात ओसाकाला वृद्धाश्रमात कामाला यायला निघाली, तेव्हा तिनं कमरेपर्यंतचे केस कापून दिले. मूर्तीच्या डोक्यावर सध्या तेच आहेत.

हा मान या घराकडं कसा आला, याची गोष्ट गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मूर्ती बंदरावरून रेड्याच्या गाडीतून दुसऱ्याच गावी चालली होती. इथं पोचल्यावर रेडा बसला. मारलं, ओढलं, उठेना. लोकांनी ओळखलं, आईला इथंच राहायचंय. मूर्तीला गावात आईच म्हणतात. तिथं चर्च बांधलं. आणि रेडा होता लोलांच्या पूर्वजांचा.

"आमच्या घराण्यात काहीतरी केलेला तो एकटाच," लोला म्हणायच्या, "तोही काही न करता."

मला मात्र एक गोष्ट खटकायची. लोलांनीच एकदा मासे साफ करता करता सांगितलं होतं, की झगा घालण्याआधी मूर्तीचे पाय ओल्या फडक्यानं पुसतात. पाय स्वच्छ असले तरी पुसायचेच. "का?" मी विचारलं. "माझी आजी म्हणायची, आई आली तेव्हा तिच्या पायांना गाळ होता."

बंदरावरून गाडीत बसून आलेल्या मूर्तीच्या पायांना गाळ कुठला?

मी नदीपलीकडच्या खाचरांत गिरमिट घेऊन उतरलो. हातानं फिरवायचं लांब गिरमिट असतं. जमिनीत घालायचं, वर काढायचं, निघालेली माती ओळीनं मांडायची. वर काळी शेतमाती, तिच्याखाली करडा गाळ, त्याखाली वाळू आणि नदीचे गुळगुळीत गोटे. जुनं पात्र तिथून गेलं होतं. त्याच्या काठी, बांधाखाली, चुन्यात बसवलेले पायाचे दगड लागले. पहिलं चर्च पलीकडं होतं. नदीनं पात्र बदललं, चर्च खचलं, आणि पलीकडच्या लोकांनी मूर्ती नावेतून, चिखलातून अलीकडं आणली. रेडा नंतर कुणीतरी रचला.

त्या दिवशी मी खाचरात एकटाच नाचलो. पायात चिखल, डोक्यावर नारळाच्या झापाची टोपी. ओसाकाला आमच्या सेन्सेईंना, म्हणजे प्रबंधाच्या मार्गदर्शकांना, फोन केला, तर नेहमी नुसतं "हं" म्हणणारे ते दोनदा "हं" म्हणाले.

प्रबंधात लोलांचा उल्लेख "एक स्थानिक रहिवासी महिला" असा आला. तशीच पद्धत आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, ती मी प्रबंधात घेतलीच नाही. युद्धात सैनिक शाळेत उतरले तेव्हा लोलांच्या आईनं मूर्ती भाताच्या कणगीत पुरून ठेवली, वर चटई टाकली आणि चटईवर लहानग्या लोलांना झोपवलं. शिपाई घरात शिरले, कणगीपाशी उभे राहिले. "आई माझ्या पाठीला टोचत होती," लोला म्हणायच्या, "पण मी हलले नाही." ही गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. पण माझा विषय नदी होता. कणगीचा नदीशी काय संबंध?

गेल्या वर्षीच्या उत्सवात मी हे सगळं गावासमोर मांडलं. मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच नगरपालिकेला कळवलं. गावाची माहिती गावाला परत द्यावी, असं आम्ही संशोधक एकमेकांना नेहमी सांगतो. पत्र्याचं छप्पर असलेल्या बास्केटबॉलच्या मैदानात खुर्च्या मांडल्या, पडद्यावर नकाशे लावले. लोला पहिल्या रांगेत होत्या. जांभळा झगा, मोत्यांची माळ, शेजारी सुना आणि पोरं. "हा आमच्याकडं राहतो," असं त्या मागं वळून वळून सांगत होत्या. मी पडद्यावर जुन्या पात्राची निळी रेघ काढली आणि म्हणालो, रेड्याची गोष्ट सुंदर आहे, पण खरी नाही. मागच्या रांगांत बसलेले पलीकडचे लोक उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग लोलांनीही वाजवल्या. मी बोलतोय म्हणून.

आणि मी कोण? आमच्या गावच्या जत्रेत पालखीपुढं दिवटी धरायचा मान आमच्या घराचा. तेलाची मोठी मशाल असते. वडिलांच्या मनगटावर तिच्या चटक्यांचे डाग आहेत, आणि गावात कुणी विचारायची वाट न बघता ते बाही वर करून दाखवतात. मान म्हणजे काय हे मला कुठल्या विद्यापीठात शिकायचं नव्हतं. तरी पडद्यावर रेघ ओढताना मला ते आठवलं नाही.

या वर्षी उत्सव जवळ आला तसा लोलांच्या नातीचा फोन आला. ती मला कुया म्हणते, म्हणजे दादा. रविवारी तिच्या वृद्धाश्रमाजवळच्या स्टेशनसमोर, रेस्टॉरंटमध्ये भेटलो. तिनं खरबुजाचं हिरवं सरबत घेतलं आणि स्ट्रॉनं बर्फ ढवळत बसली.

"पलीकडचे लोक मूर्तीला झगा आम्ही घालणार म्हणतायत."

"कशावरून?"

"कुया, कशावरून म्हणजे? तुझ्या नकाशावरून. त्यांनी तो मोठा करून भिंतीवर लावलाय. तुझा फोटोपण आहे. बरा आलाय."

मला हसू आलं नाही. तिलाही आलं नव्हतं.

"लोला काय म्हणतात?"

"काही नाही. झगा शिवतेय. अर्धा झालाय." तिनं ग्लास बाजूला सरकवला. "चर्चच्या समितीची बैठक आहे. फादर तुला व्हिडिओवर बोलावणार आहेत. तू फक्त एवढंच म्हण, की नक्की सांगता येत नाही. तुम्ही लोक म्हणताच की असं."

बरोबर होतं तिचं. माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या पानावरही आहे, याबाबत आणखी अभ्यासाची गरज आहे. असं प्रत्येकजण लिहितो. ते खोटं नसतं.

"बघतो," मी म्हणालो.

"बघ." मग तिनं कानामागचे आखूड केस चाचपले. "आता पलीकडच्या बायका विंचरणार माझे केस. मी ओळखतसुद्धा नाही त्यांना."

बैठकीच्या दिवशी मी विद्यापीठातल्या माझ्या खोलीत लॅपटॉपसमोर बसलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडद्यावर चर्चमागची खोली, पंखा, फादर, दोन्हीकडची माणसं. लोला कोपऱ्यात, हात मांडीवर. मनात वाक्य तयार होतं, नक्की सांगता येत नाही. पलीकडच्या वस्तीतला एक माणूस उठला. वयानं माझ्या वडिलांएवढा. टोपी हातात घेऊन अदबीनं म्हणाला, "डॉक्टर, आम्ही न शिकलेली माणसं. तुम्ही सांगाल ते खरं. तुमची खात्री आहे ना?"

डॉक्टर, असं म्हणाला तो.

"हो," मी म्हणालो. "खात्री आहे."

मग लगेच मी बोलत सुटलो. कणगी, चटई, शिपाई, पाठीला टोचणारी आई. मान फक्त मूर्ती कुठून आली यावर नसतो, ती कुणी जपली यावरही असतो, असं काहीतरी. फादरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग समोरचे कागद चाळून त्यांनी विचारलं, "हे तुमच्या अभ्यासात आहे का?"

"नाही."

"का बरं नाही?"

मी इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी केली. फादरांनी मान हलवली, तीही सहानुभूतीनं. लोला लॅपटॉपकडं बघत होत्या, पण पडद्यावरून कुणी नेमकं कुणाकडं बघतंय ते कळत नाही.

ठरलं असं, की या वर्षापासून झगा घालायला मूर्ती पलीकडं जाईल.

त्या आठवड्यात वडिलांना फोन केला. आप्पांना मी काय करतो ते कधी नीट कळलेलं नाही. परदेशात माती उकरतो, एवढं माहीत आहे. का कोण जाणे, त्यांना सगळं सांगितलं. रेडा, होडी, गाळ, झगा. गिरणी आता भाऊ चालवतो, तिचा आवाज मागून येत होता.

"मग म्हातारीकडनं मान गेला म्हन की."

"हो आप्पा. पण खरं तेच होतं. मी खोटं कसं बोलणार?"

"खोटं कोन बोल म्हनतंय?" ते म्हणाले. "तुला बोलायला बोलवलं कुनी हुतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आपल्या दिवटीचं काय उकरू नगंस बाबा," आप्पा म्हणाले. आणि हसले. त्यांना वाटलं चेष्टा केली. मीही हसल्यासारखं केलं.

उत्सवाच्या दिवशी नातीला सुट्टी नव्हती. दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीत ती बाहेर आली आणि वृद्धाश्रमाच्या मागं, सायकली लावतात तिथं उभं राहून आम्ही तिच्या फोनवर मिरवणूक बघितली. तिच्या हातात दुकानातली ओनिगिरी होती, वेष्टनातला भाताचा गोळा. तो तिनं उघडलाच नाही. बँड आला, मेणबत्त्या घेतलेल्या मुली आल्या, मग फुलांच्या गाडीवर मूर्ती. झगा आकाशी होता.

"लोलाचा पांढरा होता," नात म्हणाली. "शिवून झाला होता."

नातीचा भाऊ तिकडं फोन धरून चालत होता. त्यानं फोन रस्त्याच्या कडेला वळवला. गर्दीत लोला उभ्या होत्या, सगळ्यांसारख्याच, हातात मेणबत्ती. मूर्ती समोर आली तेव्हा त्यांनी हात जोडले नाहीत. त्या जरा वाकल्या आणि झग्याखाली मूर्तीचे पाय दिसतात का ते बघत राहिल्या. गाडी पुढं गेली तरी बघत होत्या.

"पाय पुसले असतील का त्यांनी?" नातीनं विचारलं. माझ्याकडं बघून नव्हे.

पलीकडच्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. गाळाची गोष्ट लोलांनी मला सांगितली होती, आणि मी ती गिरमिटानं तपासून वाळू-गोट्यांच्या भाषेत लिहून काढली होती. फडक्याचं मी कुठंच लिहिलं नव्हतं.

भावानं फोन लोलांच्या हातात दिला. आधी नात बोलली, त्यांच्या भाषेत, भरभर. मग फोन माझ्याकडं आला. मी मोठ्यांशी बोलताना तिकडं लावतात तो ‘पो’ लावून नमस्कार केला. माफी मागायची ठरवून आलो होतो. तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या,

"पुढच्या वेळी येशील तेव्हा ते तुझं गिरमिट घेऊन ये. माझ्या अंगणात घाल. आमच्या घराखाली काय निघतंय, तेही एकदा बघून घेऊ."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मागं बँडचा आवाज लांब जात होता.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

मी जेवलो नव्हतो. जेवलो म्हणून सांगितलं.