फोटोसाठी काढलेला रुमाल

"रुमाल काढा ताई, फोटो घ्यायचाय."

महिला मंडळाच्या अध्यक्ष मॅडम हे माईकवरून बोलल्या. अख्ख्या मंगल कार्यालयाला ऐकू गेलं. मी स्टेजवर, प्लास्टिकच्या खुर्चीत. खाली भरजरी साड्यातल्या बाया, प्रत्येकीच्या केसात गजरा. माझ्या डोक्याला सुती रुमाल. त्याखाली काय होतं ते मी माझ्या आईलाबी धड बघू दिलं नव्हतं.

मी हळूच म्हणलं, "मॅडम, फोटो विग घातल्यावर काढा ना."

त्या हसल्या. "अहो, आधीचा आणि नंतरचा, दोन्ही लागतात. पेपरला द्यायचेत. लोकांना फरक कळायला नको?"

मी काढला रुमाल. का काढला ते सांगते.

गुलमंडीवर साड्यांच्या दुकानात मी कामाला होते. साडी उलगडायची, खांद्यावर टाकून बाईला दाखवायची. मग छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किमो सुरू झाली. न्हाणीत डोक्यावर तांब्या ओतला की केसांचे पुंजके हातात यायचे. उशीला केस, भाकरीत केस, घासाबरोबर तोंडात केस. अंगात जरा दम आल्यावर रुमाल बांधून दुकानात गेले, तर शेठनं बाजूला बोलावलं. "केस आले की ये. गिऱ्हाईकाला कसंतरी होतं."

घरात म्हातारी आई आन कॉलेजात शिकणारी पोरगी. कमावणारी मी एकटी. विकतचा विग आपल्या आवाक्यातला नाय. मग दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं, एक मंडळ हाय, बाया केस दान करतात, त्याचे विग करून पेशंटला फुकट देतात. मंडळाच्या बाया टेप घेऊन आल्या, डोक्याचं माप नेलं. मला वाटलं, चला, काम वाचलं.

म्हणून काढला रुमाल. फ्लॅश पडला. खालनं कुणीतरी "अरेरे" केलं, लई गोड आवाजात. उंबऱ्यात मेलेली चिमणी दिसल्यावर काढतात तसला आवाज. मी गिळून घेतलं. गरज असली की माणूस काय काय गिळतं.

मग विग चढवला. काळेभोर, दाट, खऱ्या माणसाचे केस. कुणीतरी आरसा धरला. खोटं कशाला बोलू, मला लई आनंद झाला. आरशात मीच होते. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई स्टेजवर आली. गंगापूरकडचं बागायतदार घर, आता सिडकोत बंगला. हे केस तिच्या पोरीनं दिलेले. बाई विगवरून हात फिरवायला लागली, डोळ्यात पाणी. "लहानपणापासून मी तेल लावून वाढवलेत हे," म्हणली. मलाबी भरून आलं. मी म्हणलं, "लई उपकार झाले, बाई."

"कुठल्या तुम्ही? आडनाव काय?"

मी सांगितलं. आम्ही बौद्ध. आडनाव ऐकलं की कळतंच.

तिचा हात केसावरून निघाला. तिनं तो पदराला पुसला. मी बघत होते.

ती अध्यक्ष मॅडमच्या कानाला लागली. मॅडमनी माईक बंद केला. मघाशी माझं डोकं उघडं करायला माईक चालू होता, आता बंद.

"ताई, हा जरा सैल होतोय तुम्हाला. दुसरा देते. नायलॉनचा आहे, पण धुवायला सोपा."

"सैल कुठंय? माप तर तुम्हीच नेलं."

मॅडमनी त्या बाईकडं बघितलं. मग ती बाईच बोलली. "राग मानू नका. आम्ही जातपात मानत नाही. पण पोरीचं लग्न व्हायचंय अजून. घरात कुणाला पटायचं नाही."

आमच्या वस्तीतल्या बाया यांची धुणी धुतात, यांच्या म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढतात. ते चालतं. अन् पोरीच्या डोक्यावरून कापून काढलेला केस माझ्या डोक्यावर चालत नाय. कापलेल्या केसातबी जात जिवंत राहती म्हणा यांची. मला किळस आली. त्या केसांची आली, त्या गजऱ्यांची आली, अन् 'जातपात मानत नाही' म्हणणाऱ्या त्या तोंडाची सगळ्यात जास्त आली.

विग मीच उतरवला आन तिच्या हातात दिला. "धरा. न्या तुमच्या घरी."

मॅडम नायलॉनचा पुढं करत होत्या. मी तिकडं बघितलं नाय. रुमाल बांधला आन फोटोवाल्यापुढं जाऊन उभी राहिले. "मघाचा माझा फोटो पूस."

तो म्हणला, "मॅडमला विचारा."

मॅडम म्हणल्या, "अहो, तो कार्यक्रमाचा फोटो आहे."

"विग तुमचा, तो तुम्ही काढून घेतला. डोकं मपलं हाय. पुसल्याबिगर मी हलत नाय."

कार्यक्रम खोळंबला. खालनं एकजण बोललीच, "फुकट देतोय तरी यांचा माज बघा." बोलू दे. आजवर खाली मान घालून बघितलं, त्यानं काय मिळालं तेबी आज बघितलं. शेवटी फोटोवाल्यानं कॅमेरा माझ्यापुढं धरला आन पुसला. मी त्याला मागचे-पुढचे सगळे दाखवायला लावले.

स्टेजच्या पायरीवर पुढची पेशंट थांबली होती. कोवळीच होती, डोक्याला ओढणी. मी उतरताना तिला म्हणलं, "विग घे. पण ह्यांच्यापुढं डोकं उघडं करू नको." तिनं ओढणीची गाठ मुठीत धरली.

विग मला अजून पाहिजे हाय. नाय कशाला म्हणू? पण आडनाव विचारून देणाऱ्याचा नको.

सोमवारी मी दुकानात जाणार. रुमाल बांधायचा का नाय ते त्या दिवशी माझं मी ठरवीन. जाऊन माझ्या नेहमीच्या जागी गादीवर बसणार आन आलेल्या बाईपुढं साडी उलगडणार. मी नको असेन तर शेठनं तसं सांगावं, पण सगळ्या गिऱ्हाईकांपुढं, मोठ्यानं, कारणासकट. बाजूला बोलावून हळू आवाजात सांगितलेलं मी आता काही ऐकून घेणार नाय.