ही नळी तांबीवाली

सूक्ष्मदर्शकासमोर सगळे समान असतात, असे आमचे विभागप्रमुख वर्ध्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात दर नव्या तुकडीला गंभीरपणे सांगत. सूक्ष्मदर्शकासमोर स्टूल एकच होते आणि त्यावर थूलताई बसलेल्या असत.

थूलताई प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. ऊतींचे काप काढणे आणि रंगवणे हे त्यांचे काम, बघणे माझे. पण कापाची काच माझ्या हाती देण्याआधी त्या स्वतः बघून घेत. एम.डी.साठी माझा विषय होता : तांबीचा, म्हणजे कॉपर-टीचा, बीजवाहिनीच्या अस्तरावर होणारा परिणाम. नसबंदीत कापलेले नळीचे तुकडे आमच्याकडे येत. तांबी वापरलेल्या बायकांचे तुकडे एका गटात, कधीच न वापरलेल्यांचे दुसऱ्या.

"सर, ही नळी तांबीवाली," एकदा त्या म्हणाल्या. काच दुसऱ्या गटातली होती.

"कशावरून?"

"अस्तरात पांढऱ्या पेशी जमून राह्यल्या. पाहा न."

होत्या. मला नजर यायला दहा वर्षे लागतील, असे विभागप्रमुख म्हणत. या बाईकडे ती जेवणाच्या डब्याइतक्या नेमाने रोज येत होती. माझा अगदी जळफळाट झाला.

"सूज कशानेही येते. मी स्वतः विचारलंय, ती नाही म्हणाली."

"मले नका सांगू. बाईलेच पुसू."

बाई जवळच्या आंजी गावची. टाके दाखवायला आली तेव्हा ताईंनी गाठली. "काऊन वं माय, तांबी बसवली होती काय?"

"हो त! तीन वर्षं होती."

"मंग सरले नाई काऊन म्हटलं?"

"सरनं साधन पुसलं. म्या म्हटलं नाई. येष्टीनं आली होती न मी."

अर्जावर 'गर्भनिरोधक साधन' असे छापले होते. घाईत मी नुसते "साधन वापरता का?" विचारत आलो होतो. इकडे साधन म्हणजे गाडी, हे पुण्याहून आलेल्या मला कोण सांगणार? माझा दुसरा गट असा सगळाच संशयित झाला, आणि प्रबंध द्यायला दीड महिना उरला होता.

ताई कुणाकडे बोलल्या नाहीत, हे मला जास्तच झोंबले. "चला सर, येष्टीनंच जाऊ," एवढेच म्हणाल्या. गावोगाव त्यांनी विचारले, मी लिहिले. बऱ्याच काचांनी गट बदलला, प्रबंध बचावला. बाहेरच्या परीक्षकांनी माझ्या नजरेचे कौतुक केले. मी ते स्वीकारले.

गेल्या वर्षी ताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी ग्रंथालयातून माझा तो प्रबंध मागवला. "ह्यात मी कुठी आहो, सर?"

मी आभाराच्या पानावर बोट ठेवले : 'तांत्रिक कर्मचारीवृंदाचा मी ऋणी आहे.' त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली आणि मान डोलावली.

त्या काळी त्या वृंदात एकच व्यक्ती होती.