एक थाप म्हणजे या

माझा मामा सुतार. लाकडात सूतभर फरकही त्याला खपायचा नाही, म्हणून सगळे त्याला इंचमामा म्हणत. भंगारातली एक व्हॅन आणून, दोन वर्षं खपून त्याने तिचं फिरतं घर केलं. पलंग, घडीचं टेबल, शेगडी, मामीच्या चहाच्या डब्याला मापात बसणारा खण. एवढा मोजूनमापून वागणारा माणूस, पण गाडी मागे घेताना आरशात बघायचा नाही. म्हणायचा, "आरसा फसवतो, बायको नाही फसवत." मामी मागे उभी राहून पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे या, दोन म्हणजे बास. करवतीच्या यंत्राने त्याचे कान अधू झाले होते, तरी थाप सीटमधून पाठीला कळते म्हणे. एकतीस वर्षांत गाडीला मागून साधा ओरखडा नाही.

गेल्या वर्षभरात मामीच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत गेली. शेगडी चालू ठेवून ती बाहेर पडायची. दोनदा तर हमरस्त्यावर सापडली. त्यांना मूलबाळ नाही, हाकेला धावून जाणारी मीच. तेव्हा अशा माणसांना सांभाळणारी संस्थाही मीच शोधली, फॉर्मही मीच भरला. मामाने सही केली आणि एवढंच म्हणाला, "सोडायच्या आधी एक दिवस तळ्यावर नेऊ तिला." संस्था तळ्याच्याच वाटेवर होती. मीही सोबत गेले.

तळ्याकाठच्या कॅम्पात पोचलो. मामी गाडीतून उतरली आणि थेट बदकांकडे निघाली. मामा इंजिन चालू ठेवून तिची वाट बघत राहिला. शेवटी मीच मागे गेले आणि घाबरत घाबरत एक थाप मारली. गाडी लगेच सरकली.

"हात हलका आहे तुझा," मामा नंतर म्हणाला, "पण कळतो."

दिवस छान गेला, हे सांगायलाही मला लाज वाटते. मामाने चाकाखाली लाकडाच्या पाचरी ठोकून गाडी समतल केली, झाडाखाली खुर्च्या मांडल्या, चहा टाकला. मामी पाण्यात पाय सोडून बसली होती. हळूच मला म्हणाली, "तुमचा ड्रायव्हर भला माणूस आहे हो. पण त्याच्या घरी काहीतरी बिनसलेलं दिसतंय."

ड्रायव्हर कप घेऊन आला. "बाईसाहेब, साखर बघा बरं बरोबर आहे का."

"अगदी बरोबर! तुम्हाला कसं कळलं मला अर्धाच चमचा लागतो?"

"अंदाजाने," मामा म्हणाला.

जन्मात कधी अंदाजाने काही केलं नाही त्या माणसाने. मला रडू आवरेना, म्हणून मी धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

चारला निघायचं होतं. मामा कोरडं टेबल पुसत बसला, घडी केलेल्या खुर्च्या उघडून पुन्हा घडी घालू लागला. "मामा, पाचच्या आत पोचायचंय!" मी खेकसले. राग त्याचा नव्हता, माझाच होता.

संस्थेत सगळं दहा मिनिटांत उरकलं. नर्सने मामीचा हात धरला. मामीने वळून मामाला नमस्कार केला. "सावकाश जा हं," म्हणाली. आम्ही गाडीत बसलो. अंगण अरुंद, गाडी मागे घेतल्याशिवाय बाहेर पडायला वाटच नव्हती. मामाने गियर टाकला, थापेची वाट न बघताच गाडी हातभर मागे घेतली.

तेवढ्यात मागून पत्र्यावर थाप पडली. आणि लगेच दुसरी.

मामाने करकचून ब्रेक दाबला. मी खिडकीतून मागे बघितलं. नर्सचा हात सोडवून मामी गाडीमागे येऊन उभी होती, तळवा अजून पत्र्यावरच.

"बास म्हणतेय," मामा म्हणाला.

नर्सने तिला गोडीगुलाबीने आत नेलं. दार लागलं. मग मामा म्हणाला, "उतर तू. मागे जा."

मी मागे गेले. मामीने जिथे हात ठेवला होता तिथेच एक थाप मारली. गाडी हलली नाही. जरा जोरात मारली.

"ऐकू नाही आली," मामा आतून म्हणाला.

मी पुन्हा मारली, अख्ख्या अंगणात घुमेल एवढी.

"नाही आली गं."