पाहुण्यांची वाटी

आमच्याकडे वेल्समध्ये माणसाला आडनावापेक्षा कामाचं नाव लवकर चिकटतं. म्हणून ती नेस्टा काउल. काउल म्हणजे मटण-बटाट्याचा रस्सा. सामना संपला, की दोन्ही संघांच्या मुलींना तो वाढायचं काम तिचं, आणि पहिली वाटी नेहमी पाहुण्या संघाला.

महिला फुटबॉलच्या वरच्या लीगमधलं आमचं ते पहिलंच वर्ष. त्यातले पराभव मी विसरले, नेस्टाचे उपकार नाही.

मी गोलकीपर. एकदा सात गोल खाऊन, चिखलाने माखून मी रांगेत उभी होते आणि तिची पळी पाहुण्यांच्याच वाट्या भरत होती. माझं टाळकं सरकलं.

"आम्हाला बडवलं, आणि वर रस्साही आधी त्यांनाच?"

"सात गोल मारायला कष्ट पडतात, बाई," नेस्टा म्हणाली. "त्यांना भूक लागणारच. तू तर नुसती उभीच होतीस."

सगळ्या खिदळल्या. मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही.

हंगामाचा शेवटचा सामना त्याच संघाच्या मैदानावर होता. मी जीव तोडून चेंडू अडवत राहिले, तरी शेवटी एक गोल झालाच आणि आम्ही खालच्या लीगमध्ये गेलो. मी तोंड लपवून बाकावर बसले. यजमान मुलींनी पहिली वाटी मानाने नेस्टाच्या हातात दिली. आज पाहुणी ती होती ना!

तिनं एक चमचा चाखला आणि "मीठ कमी आहे," असं पुटपुटत ती वाटी आणून माझ्या हातात ठेवली.

"खा गं. आज दमलीस."